आरामाला किती गुण द्यावेत

रविवार, ८ ऑगस्ट १९९९, सकाळी सहा वाजून वीस मिनिटे. पोंभुर्ण्याच्या अलीकडे असलेल्या एका खाजगी मत्स्यबीज केंद्राच्या फाटकासमोर दोन जुन्या गाड्या उभ्या होत्या आणि त्यांच्या मधोमध मी उभी होते, मनगटावर घड्याळ आणि हातात पुठ्ठ्यावर चिकटवलेला तक्ता घेऊन. एक गाडी पांढरी होती. तिला चार दारे, मागे समोरासमोर गाद्यांची बाके, काचांना निळे पडदे आणि टेप होता. दुसरी खाकी होती. तिला ताडपत्रीचे छत होते, दारे नव्हती, आणि बसायला जे होते त्याला गादी म्हणणे हा गादीचा अपमान ठरला असता. दोन्ही गाड्यांची मागितलेली किंमत जवळजवळ सारखी असल्यामुळे तुलना शक्य होती, आणि ती करण्याचे काम माझ्याकडे होते.

आज अशा गाड्यांना छोटी एसयूव्ही म्हणतात. बेताच्या पैशांत दोहोंपैकी कोणती घ्यावी या प्रश्नावर मासिके पानेच्या पाने खर्च करतात, आणि मी ती पाने अजूनही व्यावसायिक आस्थेने वाचते. त्यांत जमिनीपासूनची उंची असते, डिकीचे माप असते, आरामाला पाचपैकी तारे असतात. गाडीत घातलेले जीव मुक्कामी जिवंत पोचले की नाही, हा रकाना मात्र मला कुठेच सापडलेला नाही. आमच्या तुलनेत शेवटी तो एकच रकाना उरला.

आमचे गाव मूल आणि गडचिरोली यांच्या मधल्या जंगलपट्ट्यात आहे. गावाला मोठा तलाव आहे, तलावावर बेचाळीस कुटुंबांची मच्छीमार सोसायटी आहे, आणि त्या काळात वडील तिचे अध्यक्ष व काका सचिव होते. तलावाचा ठेका सोसायटीकडे होता, परंतु त्याला एक अट जोडलेली होती. दरवर्षी ऑगस्ट संपण्यापूर्वी ठरलेल्या संख्येने मत्स्यबीज, म्हणजे रोहू-कटल्याची बोटाच्या पेराएवढी पिल्ले, तलावात जिवंत सोडली गेली पाहिजेत. लागोपाठ दोन वर्षे ते झाले नाही, तर ठेका लिलावात जाणार होता. १९९८ साल वाया गेले होते. चंद्रपूरचा एक ठेकेदार जूनपासून दर आठवड्याला स्कूटरवरून आमच्या तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, येऊन उभा राही, पाण्याकडे मालकाच्या नजरेने पाही आणि वडील दिसले की त्यांच्या प्रकृतीची चौकशी करी. वडिलांची प्रकृती त्या चौकशीनंतरच बिघडत असे.

१९९८ साली काय झाले होते ते सांगितल्याशिवाय पुढचे कळणार नाही. पूर्वी बीज शेजारच्या एका लहान केंद्रातून येई. ॲल्युमिनियमच्या, आमच्याकडच्या भाषेत जर्मलच्या, हंड्यांत पाणी भरून त्यात पिल्ले सोडत, तोंडावर ओले फडके बांधत, आणि माणसे त्या हंड्या कावडीने गावात आणत. ते केंद्र बंद पडले. नवे केंद्र पायी येण्याच्या पलीकडचे होते, म्हणून त्या वर्षी पहिल्यांदाच भाड्याचा टेम्पो केला. पिल्लांना धक्का लागू नये म्हणून टेम्पोत तणसाची, म्हणजे भाताच्या पेंढ्याची, हातभर जाड गादी पसरली, वाहनचालकाला बैलगाडीच्या वेगाने चालायला लावले, आणि हंड्या गावात उघडल्या तेव्हा पिल्ले मेलेली होती. सोसायटीने सभा घेतली. सभेने एकमताने निष्कर्ष काढला की टेम्पो आपटला, म्हणून बीज मेले. तणसाची गादी पुरेशी जाड नव्हती, अशी एक पुरवणीही कोणीतरी सुचवली आणि तीही मंजूर झाली. यावरून ठराव झाला : सोसायटीने साठवलेल्या पैशांतून स्वतःची, आरामशीर, जुनी पण चांगली गाडी घ्यावी.

मी तेव्हा नागपूरला भौतिकशास्त्रात एम.एस्सी. करत होते. १९९९च्या उन्हाळ्यात पहिल्या वर्गाचा निकाल आणि पुण्यातल्या एका संशोधन संस्थेत सप्टेंबरमध्ये रुजू होण्याचे पत्र घेऊन मी घरी आले, आणि रिकाम्या हातांना काम हवे म्हणून गाड्यांची तुलना मागून घेतली. वडशाच्या एका धानगिरणीवाल्याची पांढरी आणि जिवतीच्या बाजूला राबलेली एका कंत्राटदाराची खाकी, एवढ्या दोनच गाड्या सोसायटीच्या आवाक्यात होत्या. मी दोन्ही गाड्यांखाली पाठीवर सरपटत गेले, वळणांची त्रिज्या चुन्याच्या रेघा मारून मोजली, एका लिटरात किती अंतर जाते ते बाटलीतून तेल घालून पाहिले. प्रत्येक गुणधर्माला महत्त्वाप्रमाणे भार दिला. बेरीज झाली तेव्हा खाकीला चौसष्ट आणि पांढरीला सत्तावन्न गुण पडले. माझ्या मते विषय संपला होता.

सोसायटीच्या मते तो आत्ताच सुरू झाला होता. सभेत तक्ता भिंतीला टेकवून ठेवला आणि काकांनी त्याच्याकडे बराच वेळ पाहिले.

"आरामले पाचच गुण?" ते म्हणाले. "मागल्या साली बीज काऊन मेलं?"

"आपटून मेलं, असा तुमचा ठराव आहे," मी म्हणाले.

"मंग? ठरावाले पाच गुण देते का तू? वीस कर."

सभेने हात वर केले आणि आरामाचे वीस झाले. मागच्या रांगेतून एकाने पडद्यांचा रकाना का नाही असे विचारले. मी सांगितले की पडद्याने गाडीच्या कामगिरीत फरक पडत नाही. त्यावर तो शांतपणे म्हणाला, "तुमाले नाई पडत. आमाले पडते." पडद्यांना पाच गुण मिळाले. टेपला दहा मिळाले, कारण हिवाळ्यात वडशाच्या नाटक कंपन्या गावोगावी जायला गाड्या भाड्याने घेतात आणि काकांच्या अनुभवानुसार नट बिनदाराच्या गाडीतून उतरला तर त्याला राजा म्हणून कोणी मानत नाही. टेपचा राजाशी संबंध काय, हे मी विचारले नाही. तोपर्यंत मी बदललेल्या भारांची बेरीज करण्यात गुंतले होते.

आत्याने तेवढा विरोध केला. ती वडिलांची थोरली बहीण, सोसायटीची सभासद, आणि बाजाराच्या दिवशी डोक्यावर टोपली घेऊन मासे विकायला जाणाऱ्या बायकांची पुढारी.

"मासोळीच्या टोपल्या कुठी ठेवाच्या, ते कोणत्या खान्यात हाय?" तिने विचारले. "त्या गाद्याईले एका बाजारात वास लागन. मंग नवरी बसन का तुमच्या पांढरीत?"

"नवरी आपल्याच घरची असन नं बाई," काका म्हणाले. "तिले वासच येत नाई."

"तिले नाई येत. नवरदेवाले येईन. तो पडदा उघडून पळन."

सभा हसली, पण हात वर व्हायचे ते झालेच. सुधारित तक्त्यात पांढरीला एक्याऐंशी आणि खाकीला सेहेचाळीस गुण पडले. मोजमाप माझे, भार सोसायटीचे, आणि निष्कर्ष सभेच्या आधीपासून तयार. पुढे संशोधन संस्थांमध्ये मी याच पद्धतीने काम करणाऱ्या अनेक समित्या पाहिल्या. तिथे हात वर करण्यापूर्वी चहा मिळे, एवढाच फरक होता.

शेवटी वडिलांनी तक्त्याकडे न पाहता मला विचारले, "एक्याऐंशी गुणाच्या गाडीत बीज जित्तं येईन का?"

मी म्हणाले, "ते या तक्त्यात नाही."

"मंग तक्ता राहू दे. दोनी गाड्या एक दिवसासाठी मागून आणू. अर्धं बीज हिच्यात, अर्धं तिच्यात. या महिन्यात तलाव रिकामा राह्यला तं पुढच्या साली आपण सारेच त्या स्कूटरवाल्याच्या जाळ्यावर रोजीनं जाऊ."

त्यामुळे आठ ऑगस्टच्या सकाळी मी त्या फाटकासमोर उभी होते. केंद्रात प्राणवायू भरलेल्या प्लास्टिकच्या पिशव्यांतून बीज देण्याची सोय होती, परंतु त्यासाठी लागणारे सिलिंडर चंद्रपूरहून यायचे होते आणि ते कधी येणार हे केंद्रात कोणालाच सांगता येत नव्हते. मग आमच्या हंड्याच काढल्या. आठ हंड्या, प्रत्येकीत सारखे पाणी, प्रत्येकीत वाटीने मोजून सारखेच बीज. पांढरीच्या चार हंड्यांना मी लाल धागा बांधला, खाकीच्या चारांना काळा. एका गाडीतून दुसरीत काही गेले तर कळावे, एवढाच हेतू होता.

पांढरीत बसायला सगळेच तयार होते. सभासद इस्त्रीचे कपडे घालून आले होते. काकांनी मागच्या बाकावर बसून एक हंडी मांडीवर घेतली, दोन्ही हातांनी कवटाळली आणि वरून शाल पांघरली. उरलेल्या तिघांनी आपापल्या हंड्या तशाच घेतल्या. वारा लागू नये म्हणून काचा वर केल्या, पडदे ओढले, आणि टेप हळू आवाजात लावला. तान्हे मूल घेऊन माहेरून निघालेल्या बायका जितके जपणार नाहीत तितके ते चौघे जपत होते. खाकीत बसायला कोणी तयार होईना, तेव्हा आत्या उठली, तिच्यामागे कोणाला तरी जावे लागले म्हणून आणखी दोघे गेले. हंड्या लोखंडी तळावर ठेवून छताच्या गजांना नायलॉनच्या दोरीने बांधल्या. खाकीच्या वाहनचालकाने आधीच बजावले की गाडी हळू चालवली तर बंद पडते आणि बंद पडली तर ढकलावी लागते.

मी पांढरीत पुढे बसले. आराम हा शब्द मोजता येत नाही, म्हणून मी दोन सारखे स्टीलचे पेले काठापर्यंत भरून एक स्वतःच्या हातात धरला होता आणि दुसरा आत्याकडे दिला होता. वाटेत किती वेळा पाणी सांडते ते प्रत्येकीने लक्षात ठेवायचे होते. मूल गाव येईपर्यंत माझ्या पेल्यातले पाणी फक्त दोनदा सांडले, तेही रपट्यावर, म्हणजे ओढ्यावरच्या ठेंगण्या पुलावर. मागे चौघेजण हंड्यांवर वाकून पेंगू लागले होते. गाडी खरोखर उत्तम होती. माझ्या सत्तावन्न गुणांबद्दल मला त्या वाटेवर थोडी शंका आली.

मूलच्या पुढे खाकी आम्हाला ओलांडून गेली. गेली म्हणण्यापेक्षा उडाली म्हणणे अचूक ठरेल. मागच्या चौकटीतून क्षणभर आत्या दिसली, पदर डोक्याला गच्च गुंडाळलेला, चेहरा आणि छाती पाण्याने निथळत असलेली.

पाळीवर आम्ही पोचलो तेव्हा खाकीचे तिघे उतरून उभे होते आणि आपापली हाडे जागेवर असल्याची खात्री करून घेत होते. मी आत्याला पेल्याबद्दल विचारले.

"पेला?" ती म्हणाली. "पेला कुठी गेला तेच माहीत नाई. हंड्याईतलं पाणी फडक्यातून उसळून साऱ्या अंगावर आलं. मले वाटलं, मासोळ्या आता माह्या लुगड्यातच निंघतीन. हे गाडी घ्याची असन तं अगोदर माह्या नावानं रडून घ्या."

काकांनी अर्थपूर्ण नजरेने माझ्याकडे पाहिले, शाल काढली आणि लाल धाग्याची पहिली हंडी उघडली. वरच्या पाण्यावर पिल्लांची दाट साय आली होती. बरीच पोट वर करून तरंगत होती, आणि जी तरंगत नव्हती ती तोंडे पाण्याबाहेर काढून उघडझाप करत होती. दुसरी हंडी तशीच. तिसरी आणि चौथीही. मग वडिलांनी काळ्या धाग्याची हंडी उघडली. आत पाणी कमी झाले होते, पण त्यात पिल्ले बाणासारखी इकडून तिकडे जात होती.

काकांनी दोन्ही हंड्यांत आळीपाळीने वाकून पाहिले. मग काका म्हणाले, "हंड्या बदलल्या."

"धागे पाहा," मी म्हणाले.

"मंग धागे बदलले."

हंडी केंद्रापासून गावापर्यंत त्यांच्याच मांडीवर होती याची आठवण आत्याने त्यांना करून दिली. त्यावर काकांनी केंद्रवाल्यांनी पांढरीत मुद्दाम आजारी बीज घातल्याची शक्यता मांडली. वाटीने मोजून आठही हंड्यांत बीज मी स्वतः घातले होते. सोसायटी पंधरा मिनिटांत सहा कारणांपर्यंत पोचली आणि सहाही कारणांत पांढरी गाडी निर्दोष सुटली.

मी दोन्ही गाड्यांतली शंभर-शंभर पिल्ले मोजून दोन वेगवेगळ्या हाप्यांत सोडली. हापा म्हणजे तलावाच्या पाण्यात चार काठ्यांना बांधलेली बारीक जाळीची पेटी. पिल्लू प्रवासातून खरोखर वाचले की नाही ते त्यात एक रात्र ठेवून कळते. सकाळी मोजले. पांढरीच्या शंभरात अठ्ठ्याहत्तर मेली होती, खाकीच्या शंभरात नऊ.

एवढ्यावर निष्कर्ष काढणे घाईचे झाले असते. पांढरीत काचा बंद होत्या, शाल होती, उकाडा होता, उशीरही झाला होता, आणि यांतले नेमके कशाने मारले हे वेगळे काढायला हवे होते. मी पाळीवरच्या मोहाच्या सावलीत दोन हंड्या ठेवल्या, दोन्हींत सारखेच पाणी आणि तलावातलीच बारीक मासोळी सारख्या संख्येने दाटीने भरली. एक हंडी जागेवर शांत ठेवली. दुसरी हलवत राहण्याचे काम आत्याकडे आणि काकांकडे आलटून पालटून दिले.

"शिकून आली अन् आमाले पाळणा हलवाले लावला," आत्या हंडी हिंदकळवत म्हणाली. "हलव रे भाऊ, तुह्या मांडीवरचीही अशीच हलवली असती तं आज ठेका घरात असता."

काकांनी हंडी आपल्याकडे ओढली. त्यांच्या हंडीतली मासोळी पळत होती आणि शांत हंडीतली तोंडे वर करू लागली होती. सूर्य फारसा सरकण्यापूर्वी शांत हंडीत मरण सुरू झाले.

कारण साधे होते. दाटीने भरलेली पिल्ले पाण्यातला प्राणवायू भराभर संपवतात. पाणी हिंदकळले, उसळले, तर त्यात बाहेरची हवा मिसळत राहते, स्थिर राहिले तर मिसळत नाही. मला अचानक कावड दिसली. माणूस कावड घेऊन चालतो तेव्हा बांबू लवतो, हंडी दर पावलाला झोके घेते, आणि आमच्या गावात कित्येक वर्षे बीज जिवंत येत होते ते त्या झोक्यांवर. कोणी त्यासाठी झोके देत नव्हते. उलट पाय भिजतात म्हणून सारे कुरकुरत. मग गाडी आली, आणि सगळ्यांच्या मनात एकदमच दया उत्पन्न झाली की बिचाऱ्या पिल्लांना आता तरी सुखाचा प्रवास घडावा. तणसाच्या गादीने एक वर्ष बुडवले होते. शाल, पडदे आणि मांडी यांनी दुसरे बुडवायला घेतले होते.

दुसऱ्या सभेत मी हे आकड्यांसह मांडले. माझी शिफारस एका वाक्याची होती : खाकी घ्यावी. सभेने आकडे मान्य केले, कारण मेलेली पिल्ले सगळ्यांनी पाहिली होती. आकडे मान्य केल्यावर तिने पांढरी घ्यायचे ठरवले. बाजूने एकतीस हात, विरुद्ध अकरा. मी कारण विचारले, तेव्हा काका उभे राहिले आणि त्यांनी जे सांगितले ते मी आजवर कोणत्याही व्यवस्थापन समितीत इतक्या स्पष्टपणे मांडलेले ऐकले नाही.

"बीज आणाचं काम सालातून एक खेप. लगन, नाटक, दवाखाना, बाजार, हे सालभर. चांगल्या गाडीले खराब करता येते, बाई. खराब गाडीले चांगली कोन करून देईन?"

वडिलांनी माझ्याकडे पाहिले. एकतीस जणांना दुखवले तर गाडीच्या पैशांना मंजुरी मिळणार नव्हती, गाडीशिवाय बीज येणार नव्हते, आणि आता एका पूर्ण खेपेपुरतेच बीज घेण्याची ऐपत सोसायटीत उरली होती. खाकीतून वाचलेले बीज तलावात सोडले होते, पण ते अटीतल्या संख्येच्या जवळपासही जात नव्हते.

"पांढरीले खाकीसारखं आपटवता येते का?" त्यांनी विचारले.

प्रश्न अत्यंत शास्त्रीय होता. स्प्रिंग गाडीला हेलकावे देते आणि शॉकअप ते हेलकावे मारतो. शॉकअप काढले तर एका खड्ड्यात बसलेला धक्का पुढचा खड्डा येईपर्यंत शिल्लक राहतो आणि त्यात नवा मिसळतो. मी म्हणाले, "चारही शॉकअप काढावे लागतील. आणि टायरमध्ये हवा जास्त."

"काढ," वडील म्हणाले.

वडशाच्या मेकॅनिकने ते काढायला नकार दिला. त्याला वाटले की मी चुकून उलटे बोलते आहे, म्हणून त्याने मला तीनदा तेच विचारले.

"मॅडम," तो शेवटी म्हणाला, "लोक माह्याकडे गाडी आपटते म्हणून येतेत. तुमी आपटत नाई म्हणून आल्या. मी बिल कशाचं लिहू?"

"शॉकअप काढल्याचं लिहा."

"मालकानं विचारलं तं?"

"मालक मागे उभे आहेत," मी म्हणाले. काकांनी मान खाली घातली. गाडी विकत घेतल्याला तेव्हा एक दिवस झाला होता.

ते चार शॉकअप सोसायटीच्या खोलीत जाळ्यांच्या शेजारी खिळ्यांना टांगले गेले. पुढे कित्येक वर्षे ते आषाढ संपताना गाडीतून उतरत आणि नाटकांच्या हंगामाआधी परत चढत. सोसायटीत हा आता रिवाज आहे आणि नव्या सभासदांना त्याचे कारण विचारले तर ते पूर्वजांवर सोपवतात.

२८ ऑगस्टच्या शनिवारी पांढरी पूर्ण खेप घेऊन निघाली. ज्यांनी तिच्या बाजूने हात वर केले होते त्यांच्यातलेच चौघे हंड्यांशेजारी बसतील, अशी अट आत्याने घातली होती. वाटेत हंड्या कोणी मांडीवर घ्यायच्या नव्हत्या, काचा उघड्या ठेवायच्या होत्या, आणि वाहनचालकाने खड्डा चुकवायचा नव्हता. या शेवटच्या सूचनेवर वाहनचालक इतका अवघडला की पहिले दोन खड्डे त्याने सवयीने चुकवले आणि मला त्याला मागे वळायला सांगावे लागले. मूलच्या पुढे गाडी समुद्रातल्या होडीसारखी चालली. काकांचे डोके छताला लागत होते, पडदे हंड्यांतल्या पाण्याने भिजून चिकटले होते, टेप पहिल्याच रपट्यावर बंद पडला होता. अट पाळली जाते का ते पाहायला आत्या स्वतःही आली होती, आणि गुडघ्यांमध्ये दोन हंड्या धरून समोरच्या बाकावरून काकांकडे पाहत होती.

"पडदा लाव नं भाऊ," ती म्हणाली. "वीस गुणाचा आराम हाय. झोप लागत असन तं झोप."

काका काहीतरी म्हणाले, पण पुढच्या खड्ड्याने त्यांचे वाक्य तोडले. मी तक्त्यातला आरामाचा रकाना शोधला आणि वीसपैकी शून्य लिहिले. इतक्या समाधानाने मी शून्य कधीच लिहिले नव्हते.

पाळीवर स्कूटर उभी होती. ठेकेदाराने वडिलांच्या प्रकृतीची चौकशी केली. वडिलांनी त्याला नमस्कार केला आणि हंड्या उतरवायला लागले. पिल्ले हालत होती, पण आठ ऑगस्टलाही काही हालत होती आणि सकाळपर्यंत मेली होती. मी शंभर पिल्ले मोजून हाप्यात सोडली. बाकीची खेप मोठ्या हाप्यांत राहिली. हिशेब होता तो असा : सोमवारी मत्स्य खात्याचे साहेब येऊन बीज पाहणार, ते समाधानी झाले तर अट पूर्ण, नाहीतर महिना संपलेला.

रविवारी सकाळी पाळीवर बेचाळीस घरांतले जवळजवळ सगळेच आले. काका नवी शाल घेऊन आले होते आणि ती त्यांनी घडी करून काखेत ठेवली होती. आत्या पाण्याच्या कडेला उकिडवी बसली. वडील पाण्याकडे पाठ करून, पांढऱ्या गाडीच्या चाकाला टेकून बसले आणि तिथूनच म्हणाले, "मोज."

मी गुडघाभर पाण्यात उतरले, हाप्याची जाळी एका बाजूने उचलली आणि पिल्ले कोपऱ्यात घेतली. मेलेली वेगळी होतात, ती तळाशी बसतात किंवा कडेला चिकटतात. मी एकेक बोटाने बाजूला काढली. दोनदा मोजली, कारण पहिल्यांदा आलेल्या आकड्यावर माझा विश्वास बसला नाही. दुसऱ्यांदाही तोच आला. मग मी वडिलांना ऐकू जाईल इतक्या आवाजात तो वाचला आणि तक्त्यावर, आरामाच्या शून्याखाली, लिहिला.

शंभरात मेलेली : चार.